पावणेतीन तास

शंभर हर्ट्झची खिडकी ठेवली तर
एका सेकंदात रेघ पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला.
मधोमध दहा मेगाहर्ट्झचा सुळका,
दोन्ही अंगांना फुगलेले खांदे.
खांदे स्फटिकाचे नाहीत,
माझ्याच खिडकीच्या रुंदीचे आहेत.

दहावर आणली, तर शंभर सेकंद.
एकावर, तर पावणेतीन तास.
खिडकी दहापट अरुंद, वाट पाहणं शंभरपट:
हा हिशेब एल्यासला पाठ आहे,
पटलेला नाही.
"ट्रक चारला येतो, हिल्का."
वय सत्तावीस. जाकीट न काढताच बसतो.

औलूत डिसेंबरचा दिवस साडेतीन तासांचा.
म्हणजे अशी एक रेघ काढायची तर
जवळजवळ सगळा उजेड तिलाच द्यायचा.
मी दिला, एका मंगळवारी.
सूर्य वर आला तेव्हा डावं टोक निघालं,
उजवं पोचायला सव्वा वाजला.
मध्ये कुणीतरी दार उघडलं,
उणे एकोणीसची हवा आत आली,
हीटर दचकून जागा झाला,
आणि स्फटिक, काही न बोलता,
चार हर्ट्झ सरकला.
पडद्यावर रेघ मात्र एकच, सलग,
जणू तिची सकाळ आणि तिची दुपार
एकाच स्फटिकाची होती.

एन्सिओला मी रविवारी फोन करते.
चार मिनिटं. बर्फ किती, लाकडं फोडलीस का, गुडघा कसा.
"ठीक," माझा भाऊ म्हणतो,
आणि ते ठीकच ऐकू येतं.
सरळ उभा सुळका.

या वर्षी पुदासयार्वीला त्याच्याकडे अकरा दिवस राहिले.
तिसऱ्या दिवशी त्यानं कुत्रीला
सहा वर्षांपूर्वी मेलेल्या कुत्र्याच्या नावानं हाक मारली.
ती आली, तरीही.
पाचव्या रात्री साउनाची कडी लावली का
ते पाहायला तीनदा उठला.
आठव्या दिवशी, कॉफी ओतता ओतता, मला विचारलं,
तुम्ही इथे कुणाकडे उतरला आहात?

चार मिनिटांत हे दिसत नाही.
ते मूळ सुराच्या इतकं लगत असतं
की रुंद नजर त्याला सूरच समजते.

पण अकरा दिवस तोही सरकत होताच.
मी पाहिला तो पहिल्या दिवशीचा, की अकराव्या?
आणि मोजणाऱ्याची थरथर
मोजायच्या थरथरीहून कमी असावी लागते,
हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते.
परतीच्या बसमध्ये
मला माझंच स्टॉप आठवेना,
दोन थांब्यांपुरतं.

तर एल्यास, ऐक.
दहावर ठेव.
वीस रेघा काढ, सरासरी घे, तेहतीस मिनिटं लागतील.
सरासरीनं गवत सारखं कापलं जातं,
जमीन खाली जात नाही, तेवढं ध्यानात असू दे.
दार बंद. हीटर चालू असेल तर चालूच राहू दे.
आकडे एका हर्ट्झवर आणताना दहा डेसिबल वजा कर.
रिपोर्टात खिडकीची रुंदी लिही, लागलेला वेळ लिही,
आणि शेवटी ती ओळ, जी गिऱ्हाईक वाचत नाही:
याहून जवळ पाहिलेलं नाही.

ट्रक चार वाजून दहाला आला.
एल्यासनं जाकीट काढलं होतं.

रविवारी मी फोन ठेवला नाही.
लाकडं झाली, गुडघा झाला,
मग एन्सिओ गप्प. मीही.
तारेतली ती बारीक सळसळ,
आणि तिच्या तळाशी कुठंतरी
कुत्री वाडग्यातलं पाणी पीत होती,
बराच वेळ.